वाचकांचे प्रश्न : अणूंना काही 'हवे' असते का?

रासायनिक बंधांविषयी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. शाळेत शिकलेले नियम पाठ आहेत, पण त्यांमागचे कारण कोणी विचारले की गाडी अडते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. काही उत्तरे बरीच लांबली आहेत. तेथे प्रश्नच तसा होता.

प्रश्न : लोखंड आणि गंधक एकत्र केले तर ते मिश्रण आणि तेच तापवले तर संयुग, असे पुस्तकात लिहिलेले असते. दोन्हींत तीच दोन मूलद्रव्ये असतील, तर तापवल्याने नेमके काय बदलते?

उत्तर : हा प्रयोग पुस्तकात वाचून सोडून देण्यापेक्षा एकदा नीट लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. लोहकीस आणि गंधकाची पूड वजनाने ७ : ४ या प्रमाणात घेऊन खलात कितीही घोटली, तरी भिंगाखाली करडे आणि पिवळे कण वेगवेगळे ओळखता येतात, आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवला की करडे कण त्याच्यामागे धावतात. हेच मिश्रण परीक्षानळीत भरून नळीच्या बुडाशी ज्योत धरली, की काही वेळाने एका जागी लालभडक ठिपका दिसू लागतो. आता ज्योत बाजूला घ्यावी. ठिपका विझत नाही. तो पसरत पसरत वर सरकतो आणि सगळे मिश्रण आतून तापलेल्या निखाऱ्यासारखे दिसू लागते. निवल्यावर हाती येते ते काळपट ढेकूळ. त्यातून चुंबकाने लोखंड वेगळे काढता येत नाही आणि भिंगाखाली पिवळा कणही सापडत नाही. त्यावर सौम्य आम्ल टाकले तर नुसत्या लोखंडातून निघतो तसा हायड्रोजन न निघता सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो. हा वायू विषारी असल्यामुळे प्रयोगाचा हा भाग जाणकाराच्या देखरेखीखाली आणि हवेशीर जागीच करावा.

बदलले काय, तर प्रत्येक अणूचा शेजार बदलला. मिश्रणात लोखंडाच्या अणूभोवती लोखंडाचेच अणू होते आणि गंधकाभोवती गंधकाचे. संयुगात लोखंडाभोवती गंधक आणि गंधकाभोवती लोखंड अशी मांडणी झाली, आणि त्यांच्या बाहेरच्या कवचांतील इलेक्ट्रॉनांची वाटणी नव्याने झाली. केंद्रके जशीच्या तशी राहिली. रंग, चुंबकत्व, आम्लाशी होणारी अभिक्रिया हे गुणधर्म एकट्या अणूचे नसून इलेक्ट्रॉनांच्या या मांडणीचे असतात, म्हणून मांडणी बदलताच ते पार पालटतात. ज्योत काढल्यावरही पुढे सरकत राहिलेली ती लाली मात्र ध्यानात ठेवावी. पुढच्या एका प्रश्नात तिचे काम पडणार आहे.

७ : ४ हे प्रमाण येते ते लोखंड आणि गंधक यांच्या ५६ आणि ३२ या अणुवस्तुमानांवरून. संयुगात घटकांचे प्रमाण ठरलेले असते, हे जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडले, तेव्हा क्लोद बर्तोले यांनी त्याला कडाडून विरोध केला होता. वाद काही वर्षे चालला आणि प्रूस्त जिंकले. १८०८ साली जॉन डाल्टन यांनी मांडलेल्या अणुसिद्धांतात हे प्रमाण चपखल बसले. गंमत अशी, की पाठ्यपुस्तकांचे लाडके लोह सल्फाइड या नियमाचे फारसे आज्ञाधारक उदाहरण नाही. त्याच्या स्फटिकांत लोखंडाच्या काही जागा रिकाम्या राहू शकतात आणि प्रमाण किंचित सरकते. अशा संयुगांना आज बर्तोले यांच्या नावावरूनच 'बर्थोलाइड' म्हणतात. वादात हरलेल्या माणसाच्या वाट्याला एवढे तरी आले.

प्रश्न : सोडिअमच्या अणूला बाहेरच्या कवचातील एक इलेक्ट्रॉन नकोसा असतो आणि क्लोरीनच्या अणूला एक इलेक्ट्रॉन हवा असतो, म्हणून मीठ तयार होते, असे आम्हाला शिकवले गेले. निर्जीव अणूला हवे-नको कसे असेल?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर आकड्यांतच शोधावे लागते. सोडिअमच्या एकेकट्या अणूंपासून एक-एक इलेक्ट्रॉन दूर न्यायचा, तर दर मोलमागे (म्हणजे सुमारे ६.०२ × १०²³ अणूंमागे) ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च करावी लागते. नकोशी वस्तू सोडवून घ्यायला कोणी एवढी किंमत मोजत नाही. सोडिअमचे केंद्रक आपला तो इलेक्ट्रॉन धरूनच असते. इतर बहुतेक मूलद्रव्यांच्या मानाने त्याची पकड सैल असते, एवढाच काय तो फरक. उलट क्लोरीनच्या अणूंना इलेक्ट्रॉन मिळाले की दर मोलमागे ३४९ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ किलोज्यूल तोटाच आहे. त्याआधी घन सोडिअममधून अणू सुटे करायला सुमारे १०७ आणि क्लोरीनच्या रेणूंचे तुकडे करून एक मोल अणू मिळवायला सुमारे १२१ किलोज्यूल लागतात, ते वेगळेच. सगळे मिळून तोटा ३७५ किलोज्यूलच्या आसपास जातो.

मग मीठ तयारच का होते? कारण हिशोब अजून संपलेला नाही. देवाणघेवाण झाल्यावर सोडिअमचे धन आयन आणि क्लोरीनचे ऋण आयन एकमेकांजवळ येतात आणि त्यांचा स्फटिक रचला जातो. त्यात प्रत्येक आयनाचे निकटचे शेजारी विरुद्ध प्रभाराचे असतात. विरुद्ध प्रभार असे जवळ आल्याने दर मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. तोटा भरून निघतो आणि वर सुमारे ४१२ किलोज्यूल उरतात. सोडिअम आणि क्लोरीन यांच्यापासून मीठ होताना प्रत्यक्ष मोजलेली उष्णता ४११ किलोज्यूल आहे. हा ताळेबंद माक्स बोर्न आणि फ्रिट्झ हाबर यांच्या नावाने ओळखला जातो आणि तो १९१९ सालचा आहे.

एकच इलेक्ट्रॉन का जातो, दुसरा का नाही, याचेही उत्तर ताळेबंदच देतो. दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातील असल्याने तो काढायला दर मोलमागे सुमारे ४५६२ किलोज्यूल लागतात आणि एवढा खर्च कोणताही स्फटिक भरून देऊ शकत नाही. 'भरलेले कवच स्थिर असते' हे वाक्य या हिशोबाचा निष्कर्ष आहे. आपण तो कारण म्हणून पाठ करतो, आणि मग अणूंना इच्छा चिकटवाव्या लागतात.

प्रश्न : मिठाचा एक रेणू केवढा असतो?

उत्तर : घन मिठात असा रेणू नसतोच. विल्यम ब्रॅग आणि त्यांचे चिरंजीव लॉरेन्स यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली, तेव्हा त्यात सोडिअम आणि क्लोरीन यांच्या जोड्या कोठेच दिसल्या नाहीत. प्रत्येक सोडिअमभोवती सारख्याच अंतरावर, म्हणजे ०.२८२ नॅनोमीटरवर, सहा क्लोरीन होते आणि प्रत्येक क्लोरीनभोवती तसेच सहा सोडिअम. बुद्धिबळाच्या पटावरील काळी-पांढरी घरे तिन्ही दिशांना पसरावीत तशी ही रचना होती. यातला कोणता क्लोरीन कोणत्या सोडिअमचा, हा प्रश्नच तेथे निरर्थक ठरतो. मिठाचे सूत्र रेणूची घडण सांगत नाही, केवळ १ : १ हे प्रमाण सांगते.

ही गोष्ट पचायला भल्याभल्यांना जड गेली. ऐंशीच्या घरात पोचलेले इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी १९२७ साली 'नेचर' या नियतकालिकाला पत्र लिहून या पटासारख्या रचनेची यथेच्छ खिल्ली उडवली. त्यांच्या मते ती साध्या समजुतीलाही सोडून होती. आयुष्यभर रेणूंच्या भाषेत विचार केलेल्या माणसाला, डोळ्यांसमोरच्या पदार्थात रेणू नाहीत हे मानवले नाही, यात मला तरी नवल वाटत नाही. मीठ तापवून त्याची वाफ केली, तर तीत मात्र एक सोडिअम आणि एक क्लोरीन यांच्या जोड्या खरोखरच सापडतात, आणि तेथे त्यांच्यातील अंतर स्फटिकातल्यापेक्षा कमी, सुमारे ०.२३६ नॅनोमीटर असते.

प्रश्न : विद्युतऋणतेतील फरक १.७ पेक्षा जास्त असेल तर बंध आयनिक (इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन झालेला), कमी असेल तर सहसंयुज (इलेक्ट्रॉन सामाईक ठेवून झालेला), हा नियम कितपत विश्वासार्ह आहे?

उत्तर : परीक्षेपुरता. विद्युतऋणता म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याचे अणूचे सामर्थ्य. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये तिचे मोजमाप सुरू केले आणि आज त्या मापावर फ्लोरीनला ३.९८, हायड्रोजनला २.२०, आयोडीनला २.६६ आणि सोडिअमला ०.९३ हे आकडे दिले जातात. आता वजाबाकी करून पाहा. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक १.७८ येतो आणि सोडिअम आयोडाइडमध्ये १.७३. नियमाप्रमाणे पहिला पदार्थ दुसऱ्यापेक्षा अधिक आयनिक ठरायला हवा. प्रत्यक्षात हायड्रोजन फ्लोराइड हा सुट्या रेणूंचा पदार्थ असून सुमारे २० अंश सेल्सिअसलाच उकळतो, तर सोडिअम आयोडाइड हा मिठाच्याच वळणाचा स्फटिक असून तो वितळायला ६६० अंशांच्या आसपास तापमान लागते.

आयनिक आणि सहसंयुज ही एकाच रस्त्याची दोन टोके आहेत आणि बहुतेक संयुगे मध्ये कोठेतरी असतात. इलेक्ट्रॉनांची जोडी एका बाजूला किती झुकली आहे, एवढेच तो फरक सुचवतो. रस्त्यावर १.७ असे लिहिलेला दगड आपण सोयीसाठी रोवलेला आहे.

प्रश्न : सोडिअम आणि क्लोरीन परस्परविरुद्ध प्रभारांमुळे जवळ येतात हे समजते. पण हायड्रोजनचे दोन अणू तर अगदी सारखे असतात. ते एकमेकांना का चिकटतात?

उत्तर : या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकाला चांगलेच दमवले. त्या काळातील रसायनशास्त्रातला मोठा अधिकारी माणूस म्हणजे बर्झेलियस. अणू एकत्र येतात ते विरुद्ध विद्युतप्रभारांमुळे, असे त्यांचे मत होते आणि त्यामुळे दोन सारखे अणू जोडीने राहतील ही कल्पनाच त्यांना मान्य होण्यासारखी नव्हती. आव्होगाद्रो यांनी १८११ मध्येच हायड्रोजन, ऑक्सिजन यांसारखे वायू दोन-दोन अणूंच्या रेणूंचे बनलेले असतात असे सुचवले होते, पण ती सूचना जवळपास अर्धे शतक धूळ खात पडली. कान्निझारो यांनी १८६० मध्ये कार्ल्सरूह येथे भरलेल्या परिषदेत तिचा हिरिरीने पुरस्कार केल्यावर जोडीने राहणारे अणू सर्वमान्य होऊ लागले. ते तसे का राहतात, हे तेव्हाही कोणाला सांगता येत नव्हते.

पहिले उपयोगी उत्तर अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये दिले. दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक असते आणि ही जोडी म्हणजेच बंध, असे त्यांनी सांगितले. आजही आपण मूलद्रव्याच्या चिन्हाभोवती ठिपके काढतो ती त्यांचीच पद्धत. मात्र सामाईक जोडीने ऊर्जा का कमी व्हावी, हे ठिपके सांगू शकत नव्हते. ते १९२७ मध्ये वाल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी तेव्हा नव्यानेच उभ्या राहिलेल्या क्वांटम यामिकीच्या आधारे दाखवले.

त्यांच्या गणिताचा गाभा शब्दांत असा मांडता येईल. हायड्रोजनचे दोन अणू एकमेकांपासून खूप दूर असताना प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या केंद्रकाभोवती असतो. अणू जवळ आले की कोणता इलेक्ट्रॉन कोणाचा, हे सांगण्याची सोय उरत नाही; दोन्ही इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांभोवती वावरू लागतात. इलेक्ट्रॉनला जितक्या अरुंद जागेत कोंडावे तितकी त्याची गतिज ऊर्जा वाढते, हा क्वांटम सिद्धांताचा मूलभूत दाखला आहे, आणि येथे उलट घडते, म्हणजे कोंडी सैल होते. त्यातच केंद्रकांच्या मधल्या जागेत इलेक्ट्रॉन असण्याची शक्यता वाढल्यामुळे दोन्ही केंद्रकांना त्याचे आकर्षण जाणवते. एकूण ऊर्जा घटते. अणू फारच जवळ आले तर केंद्रकांचे परस्परांतील प्रतिकर्षण डोके वर काढते आणि ऊर्जा झपाट्याने वाढू लागते. या दोन्हींच्या मध्ये, ०.०७४ नॅनोमीटर अंतरावर, ऊर्जा सर्वांत कमी असते; त्यालाच आपण बंधाची लांबी म्हणतो. अणू तेथेही थांबलेले नसतात. त्या अंतराच्या आगेमागे त्यांचे कंपन चालूच राहते, अगदी निरपेक्ष शून्य तापमानालासुद्धा.

मग हीलिअमचे दोन अणू असेच का जुळत नाहीत? कारण या सोयीच्या जागेत दोनच इलेक्ट्रॉन मावतात आणि त्यांची फिरकही (स्पिन) परस्परविरुद्ध असावी लागते. हीलिअमच्या जोडीत इलेक्ट्रॉन चार होतात. उरलेल्या दोघांना वरच्या ऊर्जेच्या स्थितीत जावे लागते, आणि तेथे केंद्रकांच्या मधली जागा रिकामी ठेवावी लागत असल्याने पहिल्या दोघांनी कमावलेले सगळे हे दोघे गमावून बसतात.

प्रश्न : इंधनाच्या बंधांमध्ये ऊर्जा साठवलेली असते आणि ते तुटले की ती बाहेर पडते, असे सर्रास वाचायला मिळते. हे बरोबर आहे ना?

उत्तर : नाही, आणि या एका वाक्याने जेवढा गोंधळ माजवला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या वाक्याने माजवला असेल. बंध तोडायला नेहमी ऊर्जा द्यावी लागते आणि बंध जुळताना नेहमी ऊर्जा मोकळी होते. याला अपवाद शोधत बसू नये. वरच्या उत्तरात पाहिले तसे, बंध म्हणजे अणूंची मिळून कमी ऊर्जेची स्थिती. खड्ड्यात पडलेला दगड वर काढायला श्रम पडतात. तो खड्ड्यात आहे म्हणून त्याच्यापाशी जास्त ऊर्जा आहे असे आपण म्हणत नाही.

हायड्रोजन जळून पाणी होते त्याचा हिशोब मांडू. दोन मोल हायड्रोजनचे बंध तोडायला ४३६ च्या दुप्पट म्हणजे ८७२ किलोज्यूल, आणि एक मोल ऑक्सिजनचे बंध तोडायला ४९८ किलोज्यूल लागतात. एकूण खर्च १३७०. त्यातून पाण्याच्या वाफेचे दोन मोल रेणू बनतात, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यातील चार मोल बंध जुळतात. त्यांतील प्रत्येक मोलमागे सरासरी ४६३ याप्रमाणे १८५२ किलोज्यूल मोकळे होतात. जमा वजा खर्च केल्यावर ४८२ किलोज्यूल उरतात, आणि तीच आपल्याला उष्णता म्हणून जाणवते. ऊर्जा आली ती नवे बंध जुन्यांपेक्षा बळकट असल्यामुळे.

नीट पाहिले तर या गोष्टीतील खरा मानकरी इंधन नसून ऑक्सिजन आहे. त्याच्या रेणूत दुहेरी बंध असूनही तो मानाने दुबळा आहे, आणि म्हणून जवळजवळ कशाशीही नवे बंध जुळवताना फायदाच होतो. याच्या नेमके उलट नायट्रोजनचे. त्याच्या रेणूतील तिहेरी बंध तोडायला दर मोलमागे ९४५ किलोज्यूल लागतात, म्हणून हवेत सर्वाधिक असूनही तो सहसा कशात भाग घेत नाही, आणि म्हणूनच जी स्फोटके फुटताना नायट्रोजनचे रेणू तयार करतात ती एवढी विध्वंसक असतात. जीवशास्त्राच्या पुस्तकांत, पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीच्या रेणूतील 'ऊर्जासंपन्न बंध' भेटतो, तोही याच दृष्टीने वाचावा. तो बंध तुटताना पाण्याच्या रेणूशी जे नवे बंध जुळतात, त्यांचा जमाखर्च मांडल्यावरच ऊर्जा उरते.

आता पहिल्या प्रश्नातली लाली आठवावी. ज्योतीने फक्त सुरुवातीचा खर्च भागवला, म्हणजे गंधक वितळवून त्याचे थोडे बंध सैल केले. लोखंड आणि गंधक यांचे पहिले बंध जुळताच जी ऊर्जा सुटली तिने शेजारच्या थराचा खर्च भागवला, त्या थराने पुढच्याचा, आणि अशा रीतीने लाली स्वतःच्या पायांवर नळीभर चालत गेली.

प्रश्न : प्रत्येक अणू आठ इलेक्ट्रॉन पूर्ण करतो, हा नियम अटळ आहे का?

उत्तर : नाही. नायट्रिक ऑक्साइडमध्ये बाहेरच्या कवचांतील इलेक्ट्रॉनांची संख्या ११ अशी विषम असल्याने तेथे सर्वांची आठ-आठची वाटणी होऊच शकत नाही. बोरॉन ट्रायफ्लोराइडच्या नेहमीच्या मांडणीत बोरॉनभोवती सहाच असतात. आणि गंधकाच्या हेक्झाफ्लोराइडमध्ये गंधकाला सहा फ्लोरीन चिकटलेले असतात, म्हणजे ठिपक्यांच्या हिशोबाने त्याच्याभोवती बारा इलेक्ट्रॉन होतात. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फ्लोरीन यांच्यापुरता मात्र नियम उत्तम चालतो, आणि सजीवांतील बहुतेक रसायनशास्त्र या शेजाऱ्यांभोवतीच फिरत असल्याने त्याला एवढा मान मिळाला.

या नियमावरील अतिविश्वासाने एकदा फसवलेही. हीलिअम, झेनॉन यांसारख्या राजवायूंची कवचे भरलेली असतात, म्हणून त्यांची संयुगे होणारच नाहीत, असे जवळपास सर्वांनी गृहीत धरले होते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात काम करणाऱ्या नील बार्टलेट यांच्या हाती प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हा विलक्षण आक्रमक पदार्थ होता. तो ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो, हे त्यांना आढळले होते. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला दर मोलमागे सुमारे ११६५ किलोज्यूल लागतात आणि झेनॉनमधून काढायला सुमारे ११७०. आकडे इतके जवळचे असतील तर झेनॉन तरी कसा सुटेल, असा त्यांनी सरळ विचार केला. मार्च १९६२ मध्ये त्यांनी प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची गडद लाल वाफ आणि रंगहीन झेनॉन यांना अलग ठेवणारा काचेचा पडदा फोडला, आणि नारिंगी-पिवळा घन पदार्थ तत्काळ खाली बसला. त्या पदार्थाची घडण त्यांना प्रथम वाटली त्यापेक्षा गुंतागुंतीची निघाली, पण झेनॉन बांधला गेला होता हे पक्के होते. त्याच वर्षी झेनॉनची साधी फ्लोराइडेही तयार झाली. दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्याचे काम त्याआधीही कोणीही करू शकले असते.

प्रश्न : पाणी उकळते तेव्हा त्याचे बंध तुटतात का? बुडबुड्यांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात का?

उत्तर : सुरुवातीला भांड्याच्या कडेला जमणारे बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात आणि नंतरचे खळखळणारे बुडबुडे पाण्याच्या वाफेचे. त्या वाफेत पाण्याचे रेणू अखंड असतात. तुटतात ते रेणूंच्या अंतर्गत असलेले बंध नसून एका रेणूला दुसऱ्याशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध. पाण्याचा रेणू सरळ नसून १०४.५ अंशांत वाकलेला असतो. ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूंना थोडा धन प्रभार असतो, त्यामुळे एकाचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. अशा एका दुव्याचे बळ दर मोलमागे २० किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे रेणूतील खऱ्या बंधाच्या विसाव्या भागाएवढे असते.

त्याला तरीही क्षुल्लक समजू नये. आवर्तसारणीत ऑक्सिजनच्या खालीच असलेल्या गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड हा पाण्याचाच भाऊबंद, आणि त्याचा रेणू जडही आहे; पण हे दुवे त्यात फारच दुबळे असल्याने तो उणे ६० अंशांनाच उकळतो. पाणी नुसते तापवून त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन लक्षात येण्याइतके वेगळे करायचे, तर तापमान २००० अंशांच्या पुढे न्यावे लागते.

प्रश्न : पुस्तकात बंध रेघेने दाखवतात. प्रत्यक्षात तेथे काय असते?

उत्तर : इलेक्ट्रॉनांची थोडी दाट झालेली ढगासारखी जागा, रेघ नसते, दांडी नसते, दोन अणूंच्या मध्ये कोणतीही वेगळी वस्तू नसते. रेघांची संख्या मात्र निरुपयोगी नाही. दोन कार्बन एका रेघेने जोडलेले असतील तर त्यांच्यातील अंतर ०.१५४ नॅनोमीटर, दोन रेघा असतील तर ०.१३४ आणि तीन असतील तर ०.१२० असते, म्हणजे जोड्या वाढतात तसे अणू जवळ येतात. बेंझीनमध्ये एकाआड एक दुहेरी रेघा काढण्याची पद्धत आहे, पण तेथे सहाही अंतरे सारखीच, सुमारे ०.१४० भरतात, इलेक्ट्रॉन संपूर्ण कड्यावर पसरलेले असतात आणि रेघांना ते दाखवता येत नाही.

झुरिक येथील संशोधकांनी २००९ मध्ये पाच कडी असलेल्या पेंटासीन या रेणूवरून अतिसूक्ष्म सुई फिरवली. सुईच्या टोकाला त्यांनी कार्बन मोनॉक्साइडचा एकच रेणू चिकटवला होता. उमटलेल्या चित्रात पाचही षटकोन स्वच्छ दिसतात आणि ते पुस्तकातील आकृतीशी चकित व्हावे इतके जुळतात. त्या चित्रातील उजळ कडा म्हणजे टोकाच्या रेणूला जाणवलेल्या प्रतिकर्षणाचा नकाशा आहे. इलेक्ट्रॉन जेथे दाट तेथे प्रतिकर्षण अधिक, आणि म्हणून तेथे कड उजळ.